मदत हवी आहे: लेमन बार तिसऱ्यांदा फसले, रविवारच्या आत जमायला हवेत

ओटीजीग्रस्त
नमस्कार मंडळी. रविवारी लेकीचा वाढदिवस आहे आणि तिला केक नको, लेमन बार हवेत. आम्ही दोन वर्षं न्यू जर्सीत होतो. तिथल्या पॉटलकना कुणी ना कुणी ते आणायचंच. खाली नानकटाईसारखा खुसखुशीत थर, वर आंबटगोड पिवळंधमक लिंबू, त्यावर पिठीसाखर. आता पुण्यात आहोत, घरात २५ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे आणि मी तीनदा आपटी खाल्ली आहे.

पहिल्यांदा: अमेरिकन कृतीत तीन लेमनचा रस लिहिला होता. तीन लिंबं पिळली. गोडमिट्ट झाले. लेक म्हणाली, "आई, यात लिंबू घालायचं विसरलीस का?"

दुसऱ्यांदा: इरेला पेटून दहा लिंबं पिळली, वर चार लिंबांची सालही किसून घातली. थर बसलाच नाही, वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला. शिवाय घशाशी कडवट.

तिसऱ्यांदा (काल): रस मोजून अर्धा कप घेतला. अंडी आणि साखर हँड मिक्सरने मस्त फुलवली. या वेळी बसलं, पण वर पांढरा पापुद्रा आला, निम्मं मिश्रण बिस्किटाच्या थराखाली जाऊन कागदाला चिकटलं, आणि चव अशी की जुनं नाणं चोखतोय.

प्रमाण असं घेतलं: मैदा १ कप, पिवळं खारं बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर पाव कप. वरच्या थराला ३ अंडी, १ कप साखर, २ मोठे चमचे मैदा. ८ इंची चौकोनी डबा.

आणि हो, सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा छोटा डबा करायचा आहे. काही सुचवा.

खमंग
नाण्याची चव म्हणजे कळकलंय ते. मिश्रण कशात कालवलंत?

ओटीजीग्रस्त
हिंडालियमच्या पातेल्यात. अर्धा तास तसंच ठेवलं होतं, खालचा थर भाजून होईपर्यंत.

खमंग
मग झालं की. आजी बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवू द्यायची नाही, त्यातलाच प्रकार. ॲल्युमिनियमलाही आंबट चालत नाही. स्टील नाहीतर काचेचं भांडं घ्या. भाजायचा डबा ॲल्युमिनियमचाच असणार, तर बेकिंगचा बटर पेपर कडांच्या वरपर्यंत येऊ द्या, म्हणजे रस पत्र्याला लागणार नाही.

पांढरा पापुद्रा हँड मिक्सरची करणी. इथे अंडं फुलवायचं नसतं, केक नाही हा. साध्या व्हिस्कने साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, मग गाळणीतून गाळायचं. हवा भरली की फेस वर येतो आणि तोच भाजला जातो.

न्यू जर्सीकर
मूळ घोटाळा नावात आहे. तुम्ही इथे खाल्लेला तो पिवळा लेमन वेगळा आणि आपलं कागदी लिंबू वेगळं. लेमन अंड्याएवढा किंवा त्याहून मोठा, जाड सालीचा. एकात साधारण ४५ मिली रस. कागदीत १५ ते २० मिली निघाला तरी नशीब. म्हणजे तीन लेमन म्हणजे सात-आठ लिंबं. फळं मोजूच नका, रस मोजा. ८ इंची डब्याला १२० मिली पुरे.

कडवटपणाचंही तेच. लेमनची साल जाड, किसणीवर दोन-तीनदा फिरवली तरी पिवळाच भाग येतो. कागदीची साल नावाप्रमाणेच कागदासारखी. जरा जोर लावला की खालचा पांढरा भाग आलाच, आणि कडू तोच असतो.

पण हे लिंबू कमअस्सल समजू नका. इथे ज्याला की लाइम म्हणतात ते आपलं कागदी लिंबूच. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या 'कीज' नावाच्या बेटांवर ते व्हायचं, म्हणून ते नाव. १९२६च्या वादळात तिथल्या बागा गेल्या आणि बागायतदार पर्शियन लाइमकडे (मोठं, बिनबियांचं हिरवं लिंबू) वळले. आता इथल्या दुकानात मिळणारी की लाइम बहुतेक मेक्सिकोहून येतात. त्यांची जाळीची पिशवी मी मुद्दाम शोधून आणतो, वरणभातावर पिळायला. तुमच्याकडे भाजीवाल्याकडे ढिगाने मिळतात आणि तुम्ही लेमनच्या कृतीमागे लागलाय!

की लाइम पाय (pie, बिस्किटासारख्या थरावर लिंबाचं सारण घातलेला गोड पदार्थ) हा फ्लोरिडाचा अधिकृत पाय आहे, २००६ पासून. त्यात दूध म्हणून कंडेन्स्ड मिल्क घालतात, कारण त्या बेटांवर ताजं दूध आणि बर्फ दोन्हीची मारामार होती. सासूबाईंच्या डब्याची वाट इथूनच जाते.

आडवाटेचा शेतकरी
आमच्याकडे साई सरबतीची झाडं आहेत (राहुरी कृषी विद्यापीठाचं कागदी लिंबाचं वाण), म्हणून चार शब्द. हिरवीगार टणक लिंबं घेऊ नका. पिवळसर झालेली, हातात जड लागणारी, गुळगुळीत सालीची घ्या. कापण्याआधी ओट्यावर तळहाताने दाबून फिरवा. रस आदल्या रात्री काढून ठेवू नका, राहिला की कडवट होतो. तुमच्या दहा लिंबांत बिया चिरडल्या गेल्या असतील तर त्यानेही.

सालीचा वास हवाच असेल तर मंडईत इडलिंबू बघा. साल जाड, किसायला सोपी. रस कागदीचा, साल इडलिंबाची. आणि हा खटाटोप एप्रिल-मेमध्ये करू नका, तेव्हा लिंबू खिशाला परवडत नाही. आम्हाला तेव्हाच बरे पैसे मिळतात ती गोष्ट वेगळी.

चिंचगूळ
किसलेली साल साखरेत बोटांनी चोळून दहा मिनिटं ठेव गं. साखर ओलसर होते आणि घरभर वास सुटतो. दोन लिंबांची साल बास.

आता खालच्या थराचं. मिश्रण खाली उतरलं म्हणजे थराला भेगा होत्या. माझं प्रमाण: मैदा १२५ ग्रॅम, बटर ११० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम. बटर खारं आहे ना, मग वेगळं मीठ नको. वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचं, कडेने अर्धा बोट वर चढवायचं. १७५ अंशांवर २० मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत. दोन चमचे कच्चं पीठ बाजूला ठेव, भेग दिसली की लिंपून टाक. आणि मिश्रण थर गरम असतानाच ओत, म्हणजे खालची बाजू लगेच धरते. तू गार होऊ दिला होतास का?

ओटीजीग्रस्त
हो. पायची कृती वाचून वाटलं गार करायचा असतो. गार होताना कडेने आक्रसलाही होता.

चिंचगूळ
तिथूनच गळलं. वरच्या थराला ३ अंडी, २०० ग्रॅम साखर, १२० मिली रस, मैदा ३ मोठे चमचे. मैदा आधी साखरेत मिसळ, नाहीतर गुठळ्या. मग १६० अंशांवर २० ते २२ मिनिटं. घड्याळ बघू नकोस, डबा हलव. कडा घट्ट आणि मधला भाग खरवसासारखा थरथरला की बाहेर. लाटेसारखा हलला तर कच्चं, अजिबात हलला नाही तर तू उशीर केलास, अंड्याचा वास येणार. बाहेर तासभर, मग फ्रिजमध्ये चार तास. गरम कापायला जाशील तर पिठलं होईल.

ओटीजीग्रस्त
रंगाचं काय करू? तिथले पिवळेधमक असायचे, माझे मळकट पांढरे.

खमंग
चिमटीच्या निम्मी हळद. चव लागत नाही. हळद आंबटात पिवळीच राहते, लाल व्हायला चुना लागतो, कुंकू तसंच तर करतात. केशर घालू नका, मग ते श्रीखंड वाटतं.

न्यू जर्सीकर
सासूबाईंचा डबा: कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅमचा एक डबा, लिंबाचा रस १२० मिली, बस्स. ढवळता ढवळताच दाट होतं, आंबटामुळे दुधातली प्रथिनं धरतात. साखर मुळीच नको, डब्यात भरपूर असते. भाजलेल्या थरावर ओतून १७० वर १० ते १२ मिनिटं, मग रात्रभर फ्रिज. मूळ पायमध्ये बलक असतो, पण त्याशिवायही बसतं, फक्त जरा मऊ राहतं.

खमंग
त्यात अर्धा कप चक्का घाला, छान घट्ट होतं आणि गोडाचा मारा कमी होतो. आता म्हणाल हे श्रीखंडच झालं. असू दे.

कॉर्नफ्लोअरची बिनअंड्याची कृतीही फिरते आहे, ती करणार असाल तर एकच सांगते. कॉर्नफ्लोअर पाण्यात साखरेबरोबर शिजवून दाट करा, गॅस बंद करा, मगच रस. आंबटात उकळत राहिलं की घट्ट झालेलं पुन्हा पातळ होतं. माझं एकदा झालं होतं, मी बिचाऱ्या कॉर्नफ्लोअरलाच भेसळीचं समजले.

ओटीजीग्रस्त
रविवार रात्र. झाले! सगळ्यांना धन्यवाद.

स्टीलचं भांडं, साधा व्हिस्क, गाळणी. आठ लिंबांत १३० मिली रस निघाला. इडलिंबू मंडईत मिळालं नाही, दोन कागदी लिंबांची साल हलक्या हाताने किसली, कडवट लागली नाही. २२ मिनिटांनी मध्ये अजून लाट होती, म्हणून ४ मिनिटं जास्त ठेवलं. माझा ओटीजी बहुतेक सांगतो त्यापेक्षा थंड असतो, आता आतला थर्मामीटर घेणार आहे.

कंडेन्स्ड मिल्कचे चक्का घालून केले. खरं सांगू, मला ते जास्त आवडले. लेकीला मात्र अंड्याचेच, "तिथल्यासारखे" म्हणाली. सासूबाईंनी तीन वड्या खाल्ल्या (त्या बार म्हणत नाहीत) आणि विचारलं, यात आलं घातलं तर?

फक्त पिठीसाखर दुपारी भुरभुरली होती, संध्याकाळपर्यंत सगळी जिरून गेली.

चिंचगूळ
ती ताटात वाढताना घालायची असते. फ्रिजमध्ये ओल धरते. आल्याचा रस अर्धा चमचा घालून बघ पुढच्या वेळी, सासूबाई बरोबर बोलतायत. आणि पिळलेल्या लिंबांच्या फोडी फेकल्या नाहीस ना? मीठ लावून बरणीत भर.

ओटीजीग्रस्त
उशीर झाला. देवाची भांडी आणि समया घासायला गेल्या, आठही लिंबं.