साहेब आत जाणार म्हणे! : चर्चेच्या दिवसांतले तुमचे अनुभव

आपल्याकडे दर थोड्या दिवसांनी कोणत्या ना कोणत्या नेत्याबद्दल 'आज नाहीतर उद्या उचलणार' अशी हवा होते. कधी खरंच उचलतात, बऱ्याचदा नुसती हवाच राहते. नेता दोषी की निर्दोष हा काथ्याकूट इथे नको. मला एवढंच विचारायचंय की हे चर्चेचे दिवस तुम्ही कुठून पाहिलेत? घरातून, कोर्टातून, बंदोबस्तातून, की नुसते टीव्हीसमोर बसून?

सुरुवात मी करते. सप्टेंबर २०१९ मध्ये मी मुंबईत बॅलार्ड इस्टेटला, ईडीच्या कार्यालयाजवळच, नोकरीला होते. शिखर बँक (राज्य सहकारी बँक) प्रकरणात ईडीने गुन्हा नोंदवला, त्यात शरद पवारांचं नाव आलं. समन्स आलेलं नसताना 'मीच २७ तारखेला येतो' असं त्यांनी जाहीर करून टाकलं. त्या दिवशी जमावबंदी, नाक्यानाक्यावर पोलीस, ओळखपत्र दाखवल्याशिवाय गल्लीत शिरता येईना. आमचे निम्मे लोक पोचलेच नाहीत आणि पोचले ते खिडकी सोडेनात. अखेर पोलीस आयुक्त पवारांच्या घरी गेले, कायदा-सुव्यवस्थेची विनंती केली आणि जाणं रद्द झालं. तोपर्यंत आमच्या मजल्यावर त्यांची अटक, जामीन आणि निवृत्ती, तिन्ही उरकलं होतं. लिफ्टमनने तर जामिनाची रक्कमसुद्धा सांगितली.

एक विनंती. जगजाहीर, छापून आलेलं सोडलं तर नावं नकोत. तुमच्या गावचे भाऊ, दादा, अण्णा हे भाऊ, दादा, अण्णाच राहू द्या.

फ्लेक्सवाला

तालुक्याला फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. कोणाचे दिवस फिरलेत हे मला बातम्यांच्या आधी डिझाईनच्या, म्हणजे कोरलच्या, फायलीत दिसतं.

भाऊंचा वाढदिवस म्हणजे आमची दिवाळी. मधे भाऊ हात जोडून, वर पक्षाचे वरिष्ठ गोल चौकटीत, खाली शुभेच्छुकांची रांग. त्या वर्षी बँकेच्या कर्जप्रकरणात भाऊंचं नाव येणार अशी कुजबुज सुरू झाली. पहिला फोन आला, "डिझाईन करून ठेव, प्रिंट मारू नको." दुसरा म्हणाला, "भाऊंचा फोटो जरा लहान घे, वरच्या साहेबांचा मोठा कर." तिसऱ्याने शुभेच्छुकांतून स्वतःचा फोटो काढायला लावला. नाव राहू दे म्हणाला, फोटो नको. चौथा सगळ्यांत हुशार. त्याने एकाच मापाच्या दोन फायली करून घेतल्या, एक वाढदिवसाची आणि एक नवरात्राची, भाऊंच्या जागी देवी. "कुठली छापायची ते आयत्या वेळी सांगतो." देवी छापली.

भाऊंना काही झालं नाही. गुन्ह्यात नावच आलं नाही. पुढे ते एका महामंडळावर गेले, तेव्हा हाच चौथा पळत आला. या वेळी फोटो एवढा मोठा हवा होता की भाऊंचे कान चौकटीबाहेर गेले. देवीचे आणि भाऊंचे, दोन्हींचे पैसे अजून यायचेत.

बंदोबस्ताची बायको

आमच्याकडे ही बातमी 'रजा बंद' अशा मेसेजने येते. पुढे अटक झाली तरी रजा बंद, नाही झाली तरी बंद. टीव्हीवर 'तणावपूर्ण शांतता' म्हणतात तेव्हा आमचे हे कुठल्यातरी बंगल्याबाहेर व्हॅनच्या सावलीत बसून डबा खात असतात. एकदा मी फोन करून विचारलं, अहो, तुमच्या साहेबांना मागच्या दाराने नेलं म्हणतायत. म्हणाले, मागच्या दारालाच मी उभा आहे.

काळा कोट

@बंदोबस्ताची बायको, मागच्या दाराला सलाम.

मी ज्युनियर होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या सिनियरांकडे एका आमदारांचा अटकपूर्व जामीन होता. जिल्हा कोर्टाचं आवार गाड्यांनी भरलेलं. सरकारी वकिलांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली, कोर्टाने पुढच्या तारखेपर्यंत अंतरिम संरक्षण दिलं. बस, एवढंच. आम्ही कागद घेऊन पायऱ्यांवर येतो तर खाली गुलाल उडतोय आणि कोणीतरी हजाराची माळ लावलेली. 'दादा निर्दोष सुटले!' माझ्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडवर गुलाबी डाग पडला तो धुतला तरी गेला नाही. गंमत म्हणजे दादांनीच सिनियरांचा हात धरून विचारलं, "वकीलसाहेब, सुटलो ना?" सिनियर म्हणाले, "पकडलंय कोणी?"

लोकांच्या बोलण्यात गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र, आरोपनिश्चिती आणि शिक्षा हे एकाच दिवसात बसतं. प्रत्यक्षात एकेका पायरीला वर्षं जातात. काही पायऱ्या कोर्टाच्या बाहेरच्या असतात. लोकसेवकावर खटला चालवायला परवानगी लागते आणि तिथेच गाडी अडते. आदर्श सोसायटी प्रकरणात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांवर खटल्याची परवानगी राज्यपालांनी २०१३ मध्ये नाकारली, २०१६ मध्ये नव्या राज्यपालांनी दिली आणि २०१७ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मधल्या काळात 'आता अटक' आणि 'आता क्लीन चिट' हे किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब कुणी ठेवलाय?

आणि हो, गुन्हा नोंदला म्हणून आमदारकी जात नाही. दोन वर्षं किंवा जास्तीची शिक्षा झाली तर जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर ती लगेच जाते, अपिलाची वाट बघत नाही.

बूमधारी

चॅनलसाठी जिल्ह्यात काम करायचो. आता सोडलंय, म्हणून लिहितो.

नेत्याच्या बंगल्यासमोर उभं राहायचं, डेस्कवरून दर पंधरा मिनिटांनी 'काय हालचाल?' हालचाल नसते. मग गेट उघडलं की हालचाल, कुत्रं बाहेर आलं तरी हालचाल. एका सकाळी नेत्याचा पुतण्या हातात मोठी बॅग घेऊन गाडीत बसला. डेस्कने पट्टी चालवली, 'कपड्यांची बॅग रवाना, अटकेची तयारी?' शेवटचं प्रश्नचिन्ह बघा, सगळी अब्रू त्याच्यावर उभी असते. पुतण्या जिमला चालला होता. संध्याकाळी तो स्वतः येऊन मला म्हणाला, "सर, उद्या लाल बॅग आणू का? फ्रेममध्ये बरी दिसेल."

पण ताटकळणं अगदीच वेडेपणा असतो असंही नाही. १ नोव्हेंबर २०२१ ला माजी गृहमंत्री अनिल देशमुख ईडीच्या कार्यालयात गेले, बारा तासांहून जास्त चौकशी चालली आणि मध्यरात्रीनंतर अटक झाली. जे कॅमेरे दहा वाजता गुंडाळून गेले ते दुसऱ्या दिवशी एडिटरच्या शिव्या खात होते. म्हणून डेस्कवर दोन कॉप्या तयारच असतात, 'अटक' आणि 'दिलासा'. एकदा दोन्ही एकामागोमाग एअरवर गेल्या. प्रेक्षकांच्या काही लक्षात आलं नाही.

जुना गिरगावकर

तुम्हा मंडळींना २००० सालचा जुलै आठवत नसणार. बाळासाहेब ठाकरेंना अटक होणार, आज होणार, उद्या होणार. उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री छगन भुजबळ, म्हणजे एकेकाळचे शिवसैनिक, त्यामुळे चर्चेला फोडणीही जोरदार. आमची आई रोज दूध जास्तीचं घ्यायची. दुकानदार शटर अर्धंच उघडायचे, म्हणजे ओढायला सोपं. सव्वीस जुलैच्या पुराच्या आधी मुंबई 'आधी घरी पोचा' हे अशाच दिवसांत शिकली. अखेर २५ तारखेला अटक झाली, शहर बंद पडलं, आणि त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी मुदत उलटून गेली म्हणून प्रकरण निकाली काढलं. 'सामना'तल्या १९९३ च्या अग्रलेखांवरचा गुन्हा होता. आमच्याकडे त्या उरलेल्या दुधाचं दही, मग ताक, मग कढी झाली.

पीएची मुलगी

बाबा एका मंत्र्यांकडे स्वीय सहायक होते. टीव्हीवर साहेबांचा फोटो आला की मागे, डावीकडे, फाइल घेतलेला माणूस म्हणजे बाबा. एरवी त्याचं कौतुक होतं. चौकशीची चर्चा सुरू झाल्यावर तेच फुटेज गोल करून दाखवायला लागले. लाल गोल. वर्गातल्या एकीने विचारलं, "तुझे बाबा पण का?" पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही, पण अख्ख्या बाकाने माझ्याकडे पाहिलं.

घरात मात्र विचित्र शांतता. फोन बंद ठेवायचा असं ठरलेलं, म्हणून लँडलाइन वाजायची. आत्या, मावशी, कधी न फोन करणारे चुलते, सगळ्यांचं पहिलं वाक्य सारखं: "सहज केला होता." बाबांना एकदा जबाबाला बोलावलं, साक्षीदार म्हणून. चॅनलवर 'निकटवर्तीय ताब्यात' आलं. त्याच वेळी निकटवर्तीय स्वयंपाकघरात आईला विचारत होते, चहात आलं का नाही घातलं.

साक्षीदार म्हणून बोलावणं आणि आरोपी म्हणून बोलावणं यातला फरक नववीत मला पाठ होता. वर्गाला सांगून उपयोग नव्हता.

पंच क्रमांक दोन

मी सरकारी नोकर. आमच्या कार्यालयाला पत्र आलं, पंच म्हणून दोन कर्मचारी पाठवा. कशासाठी, कुठे, काही नाही. पहाटे गाडीत बसवलं आणि घर समोर आल्यावर कळलं. ज्यांच्याबद्दल गावभर बोललं जात होतं त्यांचंच.

आत गेल्यावर फोन एका ताटात ठेवायला सांगितले. मग सुरू झालं मोजणं. लोकांना वाटतं झडती म्हणजे भिंती फोडणं, गाद्या फाडणं. मी पाहिली ती झडती म्हणजे यादी. फ्रिज किती लिटरचा, टीव्ही किती इंची, पंखे किती. सोनार बोलावला, त्याने तराजू मांडला, प्रत्येक दागिन्याचं वजन त्याने सांगायचं आणि अधिकाऱ्याने लिहायचं. घरातल्या आजी शेजारी बसून प्रत्येक दागिन्याचा इतिहास सांगत होत्या, हा माझ्या आईचा, ही थोरल्या सुनेची. तो इतिहास पंचनाम्यात येत नाही. रोकड सापडली ती तिजोरीतल्या डब्यात, बँकेच्या पावतीसकट. दोनदा मोजली. प्रत्येक पानावर माझी सही, खाडाखोडीशेजारी वेगळी सही. पाकिटाला लाखेचं सील लावलं, त्यावरच्या कागदावर पुन्हा सही. आता नव्या कायद्याने झडतीचं चित्रीकरण करावं लागतं, तेव्हा सगळी मदार आमच्या सह्यांवर.

रात्री बाहेर पडलो, फोन चालू केला. आमच्याच कार्यालयाच्या ग्रुपवर रक्कम आली होती. सकाळी लाखांत, दुपारी एक कोटी, संध्याकाळपर्यंत नोटा मोजायची मशीनं तापून बंद पडलेली. मशीन आणलंच नव्हतं. ज्याने हे टाकलं तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. दुसऱ्या दिवशी मलाच सांगत होता, "तुला माहीत नाही, आतली बातमी आहे." मी हं हं केलं. बायकोलाही सांगितलं नाही. ती अजून रागावते.

प्रकरण कोर्टात आहे, साक्षीचं समन्स यायचंय. म्हणून नाव, गाव, साल, आकडा काही लिहीत नाही.

फ्लेक्सवाला

पंचसाहेब, अंदाजे तरी? पाचाच्या आत की बाहेर?

पंच क्रमांक दोन

तुमची उधारी वसूल झाली की सांगतो.

ठेवीदार

वरचं सगळं वाचून हसले, पण मला वेगळं लिहायचंय. अफवा म्हणजे नुसती करमणूक असा सूर लागलाय, तो मला पटत नाही.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचे सर्वेसर्वा राजकारणात होते. त्यांच्यावर गुन्हा दाखल होणार अशी चर्चा सुरू झाली. ज्यांनी ती ऐकून पहिल्या आठवड्यात ठेवी मोडल्या त्यांना पैसे मिळाले. माझी आई 'लोकांना काय, जळतात' म्हणाली, कारण त्यांच्याच हस्ते तिला बचतगटाचं बक्षीस मिळालं होतं. नंतर खिडकीवर पाटी लागली: 'दिवसाला एक हजार.' मग तेही बंद. त्यांच्यावर तेव्हा गुन्हा दाखल झालाच नव्हता, म्हणजे बातमी खोटीच. पैसे गेले ते मात्र खरे.

बँक असती तर ठेव विम्याचे पैसे आले असते, २०२० पासून ती मर्यादा पाच लाख आहे. पतसंस्थेला तो विमा नाही, हे आम्हाला पाटी लागल्यावर कळलं. आता सांगा, आईने अफवेवर विश्वास ठेवायला हवा होता की नको?

काळा कोट

ताई, मुद्दा रास्त. धूर दिसला की पळणाऱ्याला मूर्ख म्हणता येत नाही, पण रांग लागल्यामुळेच चांगल्या संस्थाही बुडालेल्या मी पाहिल्यात. एमपीआयडी कायद्याखाली तक्रार दिलीत का? १९९९ चा आहे, ठेवीदारांसाठीच. संचालकांच्या मालमत्तेवर टाच आणता येते. वेळ लागेल, पण यादीत आईंचं नाव असू द्या.

बाकी चर्चा दीर्घायुषी असते हे खरं. नागपूर जिल्हा बँकेतला घोटाळा २००२ चा. सुनील केदारांना शिक्षा झाली डिसेंबर २०२३ मध्ये, पाच वर्षांची, आणि आमदारकी गेली. 'आता होणार' म्हणणाऱ्यांची एक पिढी तोवर निवृत्त झाली.

ठेवीदार

तक्रार दिलीय. यादीत नाव आहे, अनुक्रमांक फार मागचा आहे.

शपथपत्र वाचणारा

मला सवय लागलीय. कुणाबद्दल 'त्याच्यावर वीस गुन्हे आहेत' ऐकलं की निवडणूक आयोगाच्या साइटवर जाऊन उमेदवाराचं शपथपत्र उघडतो, नमुना २६. आमच्या आमदारांचं उघडलं तर पानभर प्रकरणं, पण निम्मी रास्ता रोको आणि जमावबंदी मोडल्याची. एकच कलम गंभीर होतं, आणि त्याबद्दल गावात कुणी कधी अक्षर काढलेलं नव्हतं. मी ते चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवलं. लोक म्हणाले, हे जुनं झालं, नवीन काय ते सांग. टपरीवाल्याने माझा कप उचलला आणि विचारलं, "तुम्ही कोणाचे?"