मदत हवी आहे: मालिकेच्या सेटवरची बोली कुणी समजावून सांगेल का?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यापासून गोरेगावच्या चित्रनगरीत एका मराठी मालिकेवर दिग्दर्शन विभागात सहायक म्हणून लागले आहे. मूळची सांगलीची. कॉलेजात पाच वर्षं एकांकिका केल्या, बॅकस्टेज सांभाळलं. विंग, तिसरी घंटा, रंगीत तालीम, नाइट हे सगळं अंगवळणी पडलेलं. कॅमेऱ्यापाशी आले आणि कळलं की इथली बोलीच निराळी आहे. ती शिकवायला कुणाला सवड नाही, कारण प्रत्येक जण पुढच्या शॉटच्या मागे असतो.

काय झालं ते सांगते. मागच्या गुरुवारी सासू-सुनेचा प्रसंग चालू होता. ओसरीवर दोघी समोरासमोर, कॅमेरा सासूच्या पाठीमागे, वाक्य सुनेचं. रिहर्सल बघून दिग्दर्शक मला म्हणाले, "ताईंचं सजेशन जास्त होतंय, कमी कर." मला वाटलं, ताई (सासूचं काम करतात त्या) समोरून क्यू देताना, म्हणजे सुनेच्या आधीचं वाक्य बोलताना, हावभावही करून दाखवतात, त्याबद्दल बोलणं चाललंय. मी जाऊन हळूच सांगितलं, "ताई, तुम्ही समोरून काही देऊ नका." त्या गप्प उभ्या राहिल्या. टेक लागला, सुनेला क्यूच मिळाला नाही, ती अडखळली, पुन्हा घेतला, पुन्हा तेच. शिफ्ट संपायला वीस मिनिटं उरली होती आणि दोन क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळून घ्यायचे शॉट, बाकी होते. मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, त्याचं काही नाही. पण आधी ताईंनाच विचारलं गेलं, "तुम्ही क्यू का देत नाही?" चाळीस वर्षं काम केलेल्या बाईंना माझ्यामुळे खाली बघावं लागलं. ते मनातून जात नाहीये.

म्हणून विचारते आहे. सजेशन म्हणजे नक्की काय? चीट कर म्हणतात तेव्हा किती सरकायचं आणि कुणाकडे? फील्डमध्ये येतोय, पासिंग दे, कटर लाव, बेबी आण, एंड बोर्ड घे, नाग्रा कुठाय, बँक संपली, हे रोज कानावर पडतं. काही अंदाजाने कळतं, पण गुरुवारनंतर अंदाजावर विश्वास राहिला नाही. आणखी एक अडचण म्हणजे डावं-उजवं. आमच्या ग्रुपमध्ये नटाचा उजवा हात तो उजवा. इथे कॅमेरा लेफ्ट म्हटलं की मी दर वेळी क्षणभर थांबते, आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी पुढे होतं.

दिग्दर्शक, बोलपट, मध्यंतर असे शब्द सावरकरांनी मराठीला दिले, ते शाळेपासून माहीत आहेत. पण लाइटदादा, स्पॉटदादा, ड्रेसदादा दिवसभर जे शब्द वापरतात, ते मला कुठे एकत्र लिहिलेले सापडले नाहीत. ज्यांनी सेटवर काम केलंय त्यांनी कृपया लिहा. शब्द छोटा वाटला तरी लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी बावीस वर्षं कॅमेरा अटेंडंट होतो. मराठी सिनेमे केले, मालिका केल्या. तुमचा गुरुवार वाचून वाईट वाटलं, कारण शब्द साधा आहे आणि तो पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता.

एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा घेतात तो सजेशन शॉट. फ्रेमच्या कडेला जो खांदा, कान, केस दिसतात तेच सजेशन. समोर कुणीतरी उभं आहे एवढंच ते सुचवतं. सजेशन कमी कर म्हणजे त्या माणसाला फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला जरा सरकवा, खांदा कमी दिसू दे. क्यू तर द्यायचाच असतो, उलट सजेशनमधल्या नटाने नीट क्यू दिला तरच समोरच्याचं काम खुलतं.

चीट करणं म्हणजे खऱ्या जागेपेक्षा कॅमेऱ्याला बरं दिसेल अशी जागा घेणं. क्लोज घेताना सुनेच्या मागे खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसत असेल तर तिला वीतभर बाजूला घेतात. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये, ती तिथे नव्हती, पण क्लोजमध्ये ते कळत नाही. किती सरकायचं ते मॉनिटर बघणारा सांगतो. तुम्ही नटाला हाताने धरून सरकवू नका, जमिनीवर बोट दाखवा आणि उभं राहायच्या जागेची नवीन खूण, म्हणजे मार्क, लावा. टेप खिशात ठेवाच.

डावं-उजवं कायम कॅमेऱ्याच्या डोळ्याने. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून तुमचा डावा हात, तो कॅमेरा लेफ्ट. नट कुठे तोंड करून उभा आहे याचा संबंध नाही. सुरुवातीला जमेल तेव्हा कॅमेऱ्याच्या शेजारीच उभ्या राहा, आपोआप बसेल. लुकचं, म्हणजे नट कुठल्या बाजूला बघतो त्याचं, गणितही यावरच चालतं. सून कॅमेरा लेफ्टला बघत असेल तर सासूच्या क्लोजमध्ये लुक कॅमेरा राइटला हवा, तरच दोघी एकमेकींकडे बघतात असं वाटतं. दोघींमध्ये एक सरळ रेषा आहे असं समजा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूच्या 180 अंशांत ठेवायचा. पलीकडे गेला की "लाइन क्रॉस झाली" असं ऐकू येईल.

फील्ड म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारा भाग. फील्डमध्ये येतोय म्हटलं की मागे फिरून बघत बसायचं नाही, आधी बाजूला व्हायचं. पासिंग म्हणजे मागून जाणारी-येणारी माणसं. बाजाराचा, हॉस्पिटलचा सीन असला की ज्युनिअर आर्टिस्टना पासिंग देणं तुमच्याच गळ्यात पडणार. वाक्य सुरू झाल्यावर पहिला माणूस सोडा, सगळे एकदम सोडू नका. आणि कोण कुठल्या वाक्यावर गेला ते लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या अँगलला कंटी (कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ) जाते.

कटर म्हणजे उजेड अडवायला स्टँडवर लावतात ती काळी चौकट. भिंतीवर नको असलेला प्रकाश तिने कापतात, म्हणून कटर. बेबी हा एक हजार वॉटचा लाइट. थर्माकोल हा उजेड परतवून चेहऱ्यावर मऊ टाकायला. लाइटदादांकडे जेवणाच्या सुट्टीत बसा, एकेक वस्तू हातात देऊन सांगतील. विचारणाऱ्या पोरांवर ती माणसं जीव लावतात, हा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद २

मी एडिटला असते, म्हणून दोनच सांगते. एंड बोर्ड म्हणजे शॉटच्या सुरुवातीला क्लॅप न देता शेवटी देणं, आणि तेव्हा पाटी उलटी धरायची. लहान मूल झोपलंय किंवा नट रडण्याच्या तयारीत आहे, अशा वेळी आधी टाळी वाजवली तर सगळं मोडतं. पाटी उलटी धरलीत तर आम्हाला टेबलावर लगेच कळतं की हा क्लॅप मागच्या शॉटचा आहे. सरळ धरलीत तर आम्ही तो पुढच्या शॉटचा समजून आवाज जुळवत बसतो. कृपया विसरू नका.

बँक म्हणजे शूट होऊन तयार असलेले, अजून न दाखवलेले एपिसोड. अर्ध्या तासाच्या मालिकेत साधारण 22 मिनिटांचा मजकूर रोज लागतो. बँक संपली म्हणजे आज शूट केलेलं उद्या-परवा दाखवायचं, सगळेच रात्री जागणार. त्या दिवसांत कुणाचा आवाज चढला तर मनाला लावून घेऊ नका. ट्रॅक शब्दाचे दोन अर्थ आहेत, तेही ध्यानात ठेवा. कॅमेरावाले म्हणाले तर ट्रॉलीचे रूळ, लेखक म्हणाले तर कथेचा धागा.

प्रतिसाद ३

नाग्रा राहिला. गाण्याच्या शूटला जो माणूस गाणं वाजवतो त्याला आणि त्याच्या यंत्राला आपल्याकडे अजून नाग्राच म्हणतात, वाजत लॅपटॉपवरून असलं तरी. स्टेफान कुडेल्स्की यांनी 1951 साली बनवलेल्या टेपरेकॉर्डरचं ते नाव. ते जन्माने पोलिश, आणि त्या भाषेत नाग्रा म्हणजे "ध्वनिमुद्रण करील". "नाग्रा!" अशी हाक आली की गाणं सुरू होणार, नटांना पहिल्या पोझिशनला उभं करा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं. पान उघडलं की पहिलाच शब्द सजेशन.

आज जेवणाच्या सुट्टीत ताईंच्या खोलीत गेले आणि गुरुवारी काय गोंधळ झाला ते सांगितलं. त्यांनी डबा पुढे सरकवला, म्हणाल्या, "बस. मलासुद्धा पहिल्या सिनेमात चीट कर म्हटल्यावर रडू आलं होतं." मग त्यांनीच भाकरीच्या तुकड्यांनी कॅमेरा, सासू आणि सून मांडून लाइन क्रॉस कशी होते ते दाखवलं.

एक विचारायचं राहिलं. उद्या सातचा कॉल आहे आणि लग्नाच्या सीनला साठ माणसांचं पासिंग मला द्यायचं आहे. वाक्यं आणि माणसं एकाच कागदावर कशी मांडता तुम्ही? रात्री कुणी जागं असेल तर सांगा.