व्हॅनची बॅटरी : घरची ट्युब्युलर की लिथियम?

दादा, घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (ॲम्पियर-तास, म्हणजे साठवण क्षमता) ट्युब्युलर, म्हणजे ॲसिड-पाण्याची लेड-ॲसिड बॅटरी, मुक्कामाच्या व्हॅनमध्ये टाकायचा तुमचा बेत चालेल, पण मनापासून सांगतो, नका टाकू. ती पन्नास किलोच्या वर भरते, आणि घाटात गाडी हेलकावली की ॲसिड सांडायची भीती. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणजे झोपायच्या जागेत ती बंद खोक्यात ठेवणं धोक्याचंच. शिवाय लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की आयुष्य घटतं. छोटा १२ व्होल्टचा फ्रिज सरासरी २ ॲम्पियर खातो असं धरलं, तरी दिवसाला ४८ एएच गेले. भंडारदऱ्याला दोन रात्री नि मधला दिवस, म्हणजे ३६ तासांचे ७२ एएच, काढायचे तर १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. वजन जेमतेम १२-१३ किलो, आणि ८० टक्के बिनधास्त वापरता येते. चार्जर मात्र लिथियमचाच हवा.

थंडीत बॅटरीचं काय होतं, असं ताईंनी विचारलं होतं. निफाडचा गारठा बॅटरीला फारसं काही करत नाही. स्पिती-लेहला जाणार असाल तर शून्याखाली लिथियम चार्ज करू नका, बॅटरीतले सेल कायमचे बिघडतात. वापरायला हरकत नाही.

आपल्याकडे गाडी खरी उभी राहते ती पावसाळ्यात. तेव्हा ऋण टोक सोडवून ठेवा, कारण बंद गाडीतही काही ना काही करंट खात असतंच. लिथियम निम्मी भरलेली ठेवावी. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा, महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा आणि १२.४ व्होल्ट दिसले की लगेच चार्जिंगला लावा, नाहीतर प्लेटांवर सल्फेट बसतं. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच घाला.