आप्पांना ऐकू कमी येतं, मराठीत अक्षरं दाखवणारा चष्मा घ्यावा का?

मागावरचा_दोरा
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. आमचे आप्पा इचलकरंजीत सगळी हयात लूमवर (यंत्रमागावर), आधी कामगार मग जॉबर म्हंजे माग जुळवून देणारा, आता वय ७१. कान पूर्ण गेलेले नाहीत पण रात्री जेवायला सगळे बसलो की काय चाललंय ते त्यांना कळत नाही, सगळे हसले की तेही हसल्यासारखं करतात आणि ताटात बघून जेवतात. कानात घालायचं मशीन एक घेतलेलं, ते आता देव्हाऱ्याखालच्या खणात पडून आहे, म्हणतात सगळंच मोठं ऐकू येतंय, कुकरची शिट्टी डोक्यात जाते.
तर मेव्हण्याने एक व्हिडिओ पाठवला, त्यात चष्मा घातला की समोरचा बोलतोय ते सबटायटल सारखं डोळ्यासमोर लिहून येतं. मेव्हणा म्हणतोय रे-बॅन मेटा घे, भारतात मिळतो, तीसेक हजार पडतील. पण आप्पांना मराठीच वाचता येतं, हिंदी टीव्हीपुरती. मराठीत येतं का असं काही? आणि आमच्याकडची मराठी म्हंजे तुम्हाला माहितीच आहे, ती त्या चष्म्याला कळंल का? पैशाचं बघू की, पण घेऊन परत खणातच जाणार असंल तर नको.

खटपट्या
थांबा थांबा, रे-बॅन मेटा ऑर्डर करू नका, यात खूप जण फसतात. भारतात मे २०२५ पासून २९,९०० ला जो मिळायला लागला त्याला स्क्रीनच नाहीये. कॅमेरा आहे, माइक आहेत, दांड्यांमध्ये बारीक स्पीकर आहेत आणि काही विचारलं की तो कानाशी बोलून उत्तर देतो, म्हणजे ज्याचं दुखणंच कानाचं त्याला काय कामाचा. स्क्रीनवाला वेगळा, मेटा रे-बॅन डिस्प्ले, तो सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत ७९९ डॉलरला आला, फक्त उजव्या काचेत २० अंशाची छोटी खिडकी. लाइव्ह कॅप्शन (बोलणं लगेच लिहून दाखवणं) आहे त्यात, पण आला तेव्हा मराठी नव्हतीच.

आता मुद्द्याचं. अक्षरं दाखवणारे चष्मे ढोबळ दोन जातीचे आहेत. एक एक्सरियल सारखे (पूर्वी नाव एनरियल होतं), यात कपाळाच्या बाजूला वर छोटी ओलेड स्क्रीन असते आणि तिचं चित्र तिरक्या अर्धपारदर्शक आरशावरून डोळ्यात येतं, वायर फोनला लावायची, फोनवर जे आहे ते डोळ्यासमोर मोठं दिसतं. हा चष्मा स्वतः काही ऐकत नाही, समजत नाही, तो नुसता मॉनिटर आहे. दुसरी जात ईव्हन रिअॅलिटीज जी१ सारखी, आला तेव्हा ५९९ डॉलर होता, दिसायला साधा चष्मा, कॅमेरा नाही स्पीकर नाही, काचेतच वेव्हगाइड (काचेच्या आतून उजेड डोळ्यापर्यंत आणणारा थर) आणि हिरव्या रंगात बारीक अक्षरं, फोनशी ब्लूटूथने. हा रोज घालता येईल असा आहे पण यात तुम्ही कंपनीच्या ॲपवर अवलंबून, त्यांनी मराठी दिली तर दिली. घेण्याआधी लेखी विचारा आणि जोडाक्षरं नीट दिसतात का त्याचा फोटो मागवा, हे मी मुद्दाम सांगतोय.

पहिल्या जातीत मराठीचा प्रश्न सुटतो कारण सगळं डोकं फोनचं. गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब म्हणून अँड्रॉइड ॲप आहे, २०१९ ला आलं, गॅलॉडेट विद्यापीठ म्हणजे अमेरिकेतलं कर्णबधिरांचं विद्यापीठ, त्यांच्याबरोबर केलेलं. फुकट आहे आणि त्यात मराठी आहे. ते लावायचं, अक्षर मोठं करायचं, थीम काळी करायची. काळी का, तर हे चष्मे फक्त उजेड टाकू शकतात, काळा रंग टाकताच येत नाही, त्यामुळे काळा भाग आरपार दिसतो आणि पांढरी अक्षरं तेवढी हवेत राहतात. थीम पांढरी ठेवली तर आप्पांना सगळ्या घराऐवजी ट्यूबलाइट दिसेल.

म्हणून म्हणतो आधी एक रुपया खर्च करू नका. ॲप टाका, फोन ताटाशेजारी ठेवा, आणि बघा तुमच्या घरची मराठी त्याला कळते का. फोनवर जे चुकतं ते चष्म्यावर पण चुकणारच.

कानोसा
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून चष्म्याआधी कानाचं बोलते. खणातलं ते मशीन दिलं तेव्हा ऑडिओग्राम, म्हणजे कोणता आवाज किती ऐकू येतो त्याचा ग्राफ, काढला होता का? की दुकानातून तयार बॉक्स उचलला? लूमशेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असतो आणि माणसं दिवसाचे आठ नि बारा तास त्यात उभी राहतात. अशा आवाजाने कान सरसकट जात नाही, साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक उंच आवाजाच्या, पट्ट्यात आधी खड्डा पडतो, वयाची भर पडली की तो पसरतो. स, श, फ, थ, च अशा व्यंजनांची धार त्याच वरच्या पट्ट्यात असते. स्वर खालच्या पट्ट्यात, ते शाबूत. म्हणून हे पेशंट सांगतात "आवाज येतोय ओ, पण शब्द कळत नाही". घरचे म्हणतात मुद्दाम करतात, हवं ते बरोबर ऐकू येतं.

आणि कुकरच्या शिट्टीचं पण कारण आहे. अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा मात्र एकदम सहन होत नाही, मधली जागाच कमी झालेली असते. सगळंच सारखं वाढवणारं मशीन त्यांना त्रासच देणार. चांगलं डिजिटल मशीन पट्टे वेगळे करून हवा तेवढाच पट्टा वाढवतं आणि मोठा आवाज दाबतं, पण ते ऑडिओग्राम बघून सेट करावं लागतं, आणि एकदा करून भागत नाही, दोन-तीनदा परत यावं लागतं, तिथेच लोक कंटाळतात. तुम्हाला मिरज जवळ आहे, तिथे जाऊन नीट टेस्ट करा, नुसती बीप ऐकायची नाही, शब्द ओळखायची पण. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची सरकारी, आणि एडिप योजनेतून (अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) मशीन मिळू शकतं, उत्पन्नाची अट आहे.

चष्म्याला माझा विरोध नाहीये. अमेरिकेत तर न्युआन्स ऑडिओ म्हणून चष्म्यातच श्रवणयंत्र आलंय, २०२५ ला एफडीएने मान्य केलं, पण ते सौम्य ते मध्यम दोषापुरतं. आप्पांचं कुठे बसतं ते ग्राफ बघितल्याशिवाय कोणी सांगू नये.

रोखठोक_नाना
सगळं ठीक आहे पण चष्म्यात कॅमेरा असेल तर म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात नसती बला. जानेवारी २०२५ ला अयोध्येत राम मंदिरात गुजरातचा एक जण कॅमेऱ्याच्या चष्म्यातून फोटो काढताना सापडला, पोलिसांनी ताब्यात घेतलं. तुमचे आप्पा अंबाबाईला गेले आणि दारावर कोणी चष्मा काढ म्हणालं तर त्यांना ते ऐकू पण येणार नाही.

खटपट्या
@नाना शेवटचं वाक्य 😂 पण मुद्दा बरोबर. वर लिहिलेल्या जी१ ला कॅमेरा नाही, साध्या एक्सरियल एअरला पण नाही. कॅप्शनला कॅमेरा लागतच नाही, माइक लागतो.

मुक्काम_एडिसन
इथे न्यू जर्सीत आमच्याकडे कॅप्शनवाला चष्मा आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण भांडण नकोय. सासूबाई आल्या होत्या तेव्हा मराठी लावून दिलं. एकटी व्यक्ती समोर बसून बोलली तर चक्क छान, सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या की आता मला भिंतीवर लिहिल्यासारखं दिसतं. पण पंगत बसली की खेळ खलास. मामांनी विचारलं "पाणी सोडलंय का", वर आलं "राणी सोडली का", आणि सासूबाईंनी अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारलं कुठली राणी. मराठी-इंग्रजी मिसळलं की अजून मजा, आमची मुलं तर एका वाक्यात दोनदा भाषा बदलतात.

दुसरं म्हणजे लोक डेमो बघून भुलतात. गुगलने मे २०२२ मध्ये असा भाषांतराचा चष्मा व्हिडिओत दाखवला तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे गहिवरले होते, मग मे २०२५ ला स्टेजवर फारसी आणि हिंदीत लाइव्ह करून दाखवलं तर थोडा वेळ चाललं आणि अडकलं. आणि तिथे दोनच माणसं होती, एक झालं की दुसरं बोलत होतं, शिवाय वर पंखा नाही की टीव्हीवर सिरियल नाही.

रेवा_पी
मी स्वतः शाळेपासून दोन्ही कानांनी कमी ऐकते, दोन्हीकडे मशीन आहेत, आणि ऑफिसच्या मीटिंगसाठी वायरवाला चष्मा वापरते, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

फोन आणि चष्मा यात फरक आहे आणि तो मोठा आहे. फोनवर वाचायचं म्हणजे मान खाली, समोरच्याचा चेहरा गेला, तो चिडून बोलला का थट्टेत ते गेलं. चष्म्यात चेहरा आणि अक्षरं एकाच ठिकाणी. पण अक्षरं एक-दोन सेकंद मागून येतात, आणि आलेलं वाक्य मध्येच स्वतःला दुरुस्त करतं, त्यामुळे विनोदाला मी कायम सगळ्यांच्या नंतर हसते, सवय झालीये. कोण बोललं ते कळत नाही, चार जणांचं एकाच रांगेत लागतं.

पण दोरा, तुमच्या आप्पांच्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. लूमवर काम केलेली माणसं ओठ वाचतात. त्या आवाजात बोलणं ऐकू येतच नाही, तिथे सगळं ओठांवर आणि हातांवर चालतं. आप्पा इतकी वर्षं तेच करत असणार, कदाचित त्यांना स्वतःला पण माहीत नसेल. आणि हे आरशावाले चष्मे बाहेरचा उजेड बराच खातात, गॉगल लावल्यासारखं होतं. रात्री जेवताना एका ट्यूबमध्ये त्यांना अक्षरं दिसतील आणि सुनेचे ओठ दिसणार नाहीत. म्हणजे जे येतं ते काढून घेऊन जे अर्धवट आहे ते द्यायचं. माझं मत, त्यांच्यासाठी वायरवाला नको, घेतलाच तर जी१ सारखा साध्या काचेचा.

तोवर फुकटातलं करा. आप्पांना अशा जागी बसवा की सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडेल आणि त्यांची पाठ भिंतीला असेल. टीव्ही बंद. बोलण्याआधी त्यांच्या हाताला हात लावायचा, मग बोलायचं. ओरडायचं नाही, ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि काही वाचता येत नाही.

मागावरचा_दोरा
रेवाताई, ते ओठांचं वाचून मी आईला विचारलं. ती पण लूमवर होती कांड्या भरायला. म्हणाली हे काय विचारणं झालं, आम्ही पलीकडच्या मागावरनं असंच बोलायचो, आणि तिने तिथंच ओठ हलवून आप्पांना काहीतरी सांगितलं, आवाज अजिबात नाही, आप्पा उठून चहाचं आधण ठेवायला गेले. मी घरात असून मला हे कधी दिसलं नव्हतं.

ॲप काल लावलं. मी बोललो तर बरंच बरोबर आलं, आईचं निम्मं, आमच्या चुलत्यांचं "येतुया, जातुया" आलं की ते कायतरी भलतंच लिहितं. नातीचं मात्र जवळजवळ सगळं बरोबर आलं, ती शाळेतल्या सारखं बोलते, आणि आप्पा तिच्याजवळ फोन घेऊन बराच वेळ बसलेले, तिला म्हणत होते अजून बोल.

कानोसा मॅडम, ग्राफ वगैरे काही काढलेला नव्हता, तयार बॉक्सच होता. मिरजेची अपॉइंटमेंट घेतो. पण मला तो चष्मा एकदा लावून बघायचाच आहे, पुण्यात एका मित्राकडे वायरवाला आहे, दिवसा उजेडात अंगणात नातीबरोबर बसवून बघीन म्हणतो. माझ्या फोनला सी टाइप आहे म्हंजे चालंल ना? आणि आप्पांना दोन चष्मे आहेत, वाचायचा वेगळा, लांबचा वेगळा.

कानोसा
मिरजेला जाताना ते जुनं मशीन पण घेऊन जा, टाकून देऊ नका, काही वेळा सेटिंग बदलून कामात येतं. आणि मशीन कानामागे बसणारं मिळालं तर चष्म्याची जाड दांडी त्याच जागी येते, ते लावून बघा आधी.

खटपट्या
सी टाइप आहे म्हणजे चालेलच असं नाही, स्वस्तातल्या बऱ्याच फोनचं पोर्ट फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरतं असतं, चित्र बाहेर देत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये डिस्प्लेपोर्ट किंवा डीपी ऑल्ट मोड लिहिलंय का बघा. समजत नसेल तर कोणाकडून सी टाइप ते एचडीएमआय कनेक्टर मागून टीव्हीला लावा, टीव्हीवर फोन दिसला तर चष्म्यावर दिसेल. आयफोन असेल तर १५ पासून पुढचे देतात, पण लाइव्ह ट्रान्सक्राइब त्यावर नाही.

चष्म्याचं म्हणाल तर वाचायचा नको. डोळ्याला ते चित्र काही मीटर लांब आहे असंच वाटतं, त्यामुळे लांबचा नंबर लागतो, त्याची वेगळी काच आत बसवून घ्यावी लागते. मित्राकडे नुसतं बघायचं असेल तर आप्पांचा लांबचा चष्मा आत ठेवून वरून धरून बघा, घालून फिरता येणार नाही पण अंदाज येईल. वजन एअरचं ७९ ग्रॅम आहे, नाकावर जाणवतं.

अजून एक, चष्मा लावला की पोर्ट अडकलं. म्हणजे चार्जिंग बंद आणि चष्मा वरून फोनचीच बॅटरी पितो. वायरचा कॉलर माइक पण लावता येणार नाही, ब्लूटूथवाला लागेल, तो नातीच्या फ्रॉकला लावा आणि फोन आप्पांच्या खिशात. आणि जायच्या आधी घरी एकदा डेटा बंद करून ॲप चालतंय का बघून ठेवा, पुण्याच्या वाटेवर रेंजचं काही सांगता येत नाही.