मदत हवी आहे : दीड-दोन वर्षांच्या मुलांना काय भरवावं?

आम्ही इंदूरच्या सहा जणी दर रविवारी मानपूरकडच्या एका वस्तीवर जातो. दंडाचा घेर मोजला, तर 9 मुलं 11.5 ते 12.5 सेंमीच्या मधे, म्हणजे मध्यम कुपोषित. 11.5 च्या खालच्या दोघांना अंगणवाडीताईंनी लगेच पोषण पुनर्वास केंद्रात नेलं. बाकीच्यांना दाणे-गूळ-फुटाण्याचे लाडू दिले. ते मोठी भावंडंच खातात. धाकट्याच्या तोंडात तो कोरडा घास नुसता फिरत राहतो. आया पहाटेच सोयाबीन कापायला जातात, भरवते आजी. फ्रिज नाही, अंडी काही घरांत चालत नाहीत. मक्याची राबडी (पातळ पेज) मात्र घरोघरी होते. त्या राबडीत दाण्याचं कूट, डाळीचं पीठ, तेल नेमकं किती घालावं, आणि कूट व डाळीचं पीठ भाजून एकत्र करून ठेवलं, तर ते आठवडाभर खवट न होता टिकेल का?