भिंतीवरचा फौजी: तुमच्या घरातला फोटो, तुमच्या घरातली गोष्ट

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. शिळेवर आकडा राहतो, माणूस कसा होता ते घरच्यांनाच ठाऊक असतं. म्हणून हा धागा. तुमच्या घरातला शिपाई, नाईक, हवालदार; त्याची आई, बायको, लेकरं. पदक मिळालं नसेल तरी लिहा, आम्हाला तेच जास्त हवं आहे.

चंदगडकडून

आजोबांचा फोटो बेळगावचा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधला, प्रशिक्षण संपल्यावर शपथ घेतात त्या कसम परेडनंतरचा. आजीला अक्षरओळख नव्हती. आंतरदेशीय पत्र आलं की गुरुजी सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचे. समोर सासू-सासरे, दीर, निम्मी आळी. अशात बायकोची चौकशी करायची कशी? दोघांनी सुट्टीतच ठरवून ठेवलं होतं. पत्रात यायचं, "कपिला चारा नीट खाते ना? तिला उन्हात बांधू नका." आमच्या गोठ्यात कपिला नावाची गाय कधीच नव्हती. सासूला सगळं कळत होतं, पण त्या माउलीनं कधी तोंडातून अक्षर काढलं नाही. एकदा तिनंच गुरुजींना उत्तर सांगितलं, "लिवा, कपिला गाभण हाय." ते वासरू म्हणजे माझे वडील. हे सांगताना आजी पदरानं डोळे पुसायची.

पाटण तालुका

आमच्याकडे फोटो नाही. पणजोबा पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणीत, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी कुत शहराला घातलेल्या वेढ्यात अडकलेले. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. रसद संपत आली तशी घोडी कापली गेली. आपल्यातल्या बहुतेक जवानांनी ते मांस कितीतरी आठवडे नाकारलं; शेवटी भुकेपुढे अनेकांचा नाइलाज झाला. पुढे तुर्कांची कैद. परत आल्यावर ते कधी टांग्यात बसले नाहीत, बाजाराला चालत जायचे. घोड्यावर चाबूक उठला की तोंड फिरवायचे. तिथे त्यांनी काय खाल्लं, हे पणजीनं जन्मभर विचारलं नाही.

महाड

खाकीतले आजोबा, टोपीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा जयस्तंभ. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली, तेव्हाचा तो बिल्ला. पुढे त्यावरून स्तंभ गेला. फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली असतो. घराला रंग काढला की आई दोन्ही स्वतः उतरवते, स्वतःच टांगते.

गडहिंग्लज

मी आजच्या फौजीची बायको. मुलीच्या बारशाला ह्यांची सुट्टी मंजूर झाली नाही. मग तालुक्याच्या स्टुडिओवाल्यानं ह्यांचा पासपोर्ट फोटो माझ्याशेजारी बसवून दिला. ते समोर बघतायत, मी बाळाकडे. नंतर सुट्टीत तिघांचे खरे फोटो पुष्कळ काढले, पण भिंतीवर हाच आहे. मुलगी आता चौथीत गेली. "आई, तुझी सावली पडद्यावर पडलीय, बाबांची नाहीच," हे परवा तिनंच मला दाखवलं.