विद्यार्थी परिषदेचे 1,20,000 रुपये: वाटप, रोकड आणि बिलं कशी सांभाळायची? (सांगली)

खजिनदार_यंदाची

सांगलीतल्या एका सीनियर कॉलेजात विद्यार्थी परिषदेची खजिनदार म्हणून यंदा माझं नाव लागलंय. वर्षाला 1,20,000 मंजूर होतात. गेल्या साली त्यातले 95,000 एकट्या गॅदरिंगला गेले आणि आठ मंडळं (वाङ्मय, नाट्य, विज्ञान, खो-खो वगैरे) उरलेल्या 25,000 वरून भांडत बसली. जुना हिशेब म्हणून हातात आलीय ती बिलांनी भरलेली एक पिशवी. वाटप कसं करावं की कुणी बोट दाखवणार नाही? रोख पैसे कुणाकडे ठेवायचे? आणि या पिशवीचं काय करू?

कीर्द_खतावणी

आधी पिशवी. त्यातलं एकही बिल तुमच्या सालात ओढू नका. बँकेच्या पासबुकावरची शिल्लक, हातातली रोकड, न वटलेले चेक (तारखेपासून तीन महिने उलटले की तो चेक बाद) आणि द्यायची राहिलेली बिलं, एवढंच एका कागदावर मांडा. त्यावर जुना खजिनदार, तुम्ही आणि प्रभारी प्राध्यापक अशा तिघांच्या सह्या घ्या. तुमची कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) त्या शिल्लकेपासून सुरू होते. जुनी देणी ‘मागील देणी’ म्हणून वेगळी दाखवायची. ती द्यायची की नाही हे प्राचार्य ठरवतील, तुम्ही नाही.

रोख कुणाकडे? शक्यतो कुणाकडेच नको. परिषद महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 खाली बनते, पण ती कॉलेजचाच भाग आहे, त्यामुळे पैसा कॉलेजच्या नावाच्या खात्यातच राहिला पाहिजे आणि चेकवर दोन सह्या हव्यात. फुटकळ खर्चाला 2,000 ची कायम उचल घ्या. 1,640 खर्च झाले की तेवढ्याची व्हाउचरं ऑफिसात द्यायची आणि बरोबर 1,640 परत घ्यायचे. याचा फायदा असा की कोणत्याही दिवशी डब्यातली रोकड अधिक व्हाउचरं मिळून 2,000 भरायलाच हवेत. कुणी अचानक येऊन मोजलं तरी पाच मिनिटांत कळतं.

व्हाउचरवर तारीख, खर्चाचं शीर्ष (म्हणजे तो कोणत्या सदरात मोडतो), कशासाठी, रक्कम आकड्यात आणि अक्षरी, पैसे घेणाऱ्याची सही, मंजुरीची सही. ज्याने खरेदी केली त्यानेच मंजुरी द्यायची नाही. 5,000 च्या वर रोख दिली तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा. व्हाइटनर लावलेलं व्हाउचर ऑडिटर बाजूला काढतोच. पेट्रोल पंपाची आणि मॉलची बिलं थर्मल कागदावर असतात, चार-सहा महिन्यांत कोरी पडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलाला जोडा.

मिरज_जंक्शन

वाटपाचं सांगतो. भांडण रकमेवरून कमी आणि ‘तुम्ही ठरवलं कसं’ यावरून जास्त होतं, तेव्हा रकमेच्या आधी नियम ठरवा. कोण किती मागणार आहे हे कळायच्या आत तो बैठकीच्या इतिवृत्तात आला पाहिजे.

तुमच्या आकड्यांवर असं बसेल: 12,000 राखीव, गॅदरिंगला 50,000 ची मर्यादा, मंडळांना 58,000. त्यातून प्रत्येक मंडळाला सरसकट 3,000, म्हणजे 24,000. उरलेल्या 34,000 साठी मंडळांनी एक पानी मागणी द्यायची: काय करणार, कधी, किती जण भाग घेतील, खर्चाची फोड. माणशी खर्च काढला की बोलघेवड्यांचं फार चालत नाही. पण नुसत्या डोक्यांवर जाऊ नका, नाहीतर 12 जणींच्या खो-खो संघाला बूट कधीच मिळायचे नाहीत. मैदानी खेळांचं साहित्य वेगळ्या शीर्षात बघा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून एसटीने येणारी पोरं संध्याकाळच्या कार्यक्रमाला थांबू शकत नाहीत. फी सगळ्यांनी भरलेली असते. सगळा पैसा रात्रीच्या कार्यक्रमांवर गेला तर तो हॉस्टेलवाल्यांचा आणि शहरातल्यांचा झाला. मागणीपत्रात कार्यक्रमाची वेळ लिहायला लावा, निम्मे तरी दुपारी दोनच्या आत संपणारे हवेत.

पैसे दोन हप्त्यांत द्या: 60 टक्के आधी, 40 टक्के बिलं जमा झाल्यावर. कार्यक्रमानंतर 15 दिवसांत हिशेब नाही आला तर दुसरा हप्ता राखीवमध्ये जमा. हे मात्र पहिल्याच मंडळाला लावावं लागतं. एकाला सूट दिली की नियम संपला.

खजिनदार_यंदाची

धन्यवाद दादा. दोन अडचणी आहेत. मंडपवाला म्हणतो पक्कं बिल पाहिजे तर जास्त पडेल. शिवाय तो जीएसच्या (परिषदेच्या जनरल सेक्रेटरीच्या) पाहुण्यातला आहे. आणि फूड स्टॉलच्या दिवशी सगळी मुलं यूपीआय करतात, तर माझा क्यूआर लावला तर चालेल का?

गणपती_पेठ

क्यूआर तुमचा अजिबात लावू नका. तुमच्या घरखर्चाचे 200 आणि परिषदेचे 200 एकाच स्टेटमेंटमध्ये आले की वेगळे काढता काढता वर्ष जातं, आणि बोलणारे बोलतातच. कॉलेजच्या खात्याचा क्यूआर ऑफिसातून मागा. बँक देते.

पैसे थेट स्टॉलवर घेण्यापेक्षा कुपनं बरी. 10 रुपयांची 1,000 कुपनं क्रमांक टाकून छापा. संध्याकाळी 140 उरली म्हणजे 860 विकली, यायला हवेत 8,600. रोकड 5,340 आणि यूपीआय 3,230 भरले तर 8,570. तीस रुपये कमी. ते खिशातून भरू नका, ‘तूट 30’ असं लिहून दोघांनी सह्या करा. दर वेळी पैशाला पैसा जुळणारा हिशेबच संशयास्पद वाटतो. यूपीआयची रक्कम मुलांच्या स्क्रीनशॉटवरून धरू नका, तो बनवता येतो. खात्याच्या स्टेटमेंटमधले 12 अंकी व्यवहार क्रमांक बघा. उरलेली कुपनंही फाईलला लावा, टाकून देऊ नका.

कारकून_निवृत्त

मंडपवाल्याविषयी. ‘पक्कं बिल जास्त पडेल’ याचे दोन अर्थ असतात. त्याची नोंदणी असेल तर जीएसटी लागणारच, मग बिलावर 15 अंकी क्रमांक हवा, महाराष्ट्राचा असला तर 27 ने सुरू होणारा. जीएसटीच्या साइटवर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं. नोंदणी नसेल तरी हरकत नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असली तर सहसा नोंदणी लागत नाही. अशाने साधं छापील बिल द्यावं, पण त्यावर जीएसटी लावता येत नाही. क्रमांक नाही आणि तरी 18 टक्के लावलेत, असं बिल परत करा.

एका बिलाची रक्कम 30,000 च्या वर गेली तर कंत्राटदाराचा टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापावा लागतो. एकट्या मालकाचा धंदा असेल तर 1 टक्का, पॅन नसेल तर 20. मंडप 42,000 ला ठरला तर 420 कापून 41,580 चा चेक. हे आधी सांगा, नाहीतर गॅदरिंगच्या रात्री स्टेजमागे वाद होतो. म्हणून बिल 21,000 ची दोन करून देतो म्हणेल, तर ऐकू नका. काम एकच असताना बिलं तोडली की ते डोळ्यांत येतंच, शिवाय वर्षाची बेरीज एक लाखावर गेली तर तसाही टीडीएस लागतो.

पाहुण्याचं काम घ्यायलाच नको असं नाही. तीन बंद पाकिटांतली कोटेशनं मागवा, पण आधी मोजमाप ठरवा: मंडप किती बाय किती फूट, खुर्च्या किती, जनरेटर डिझेलसह की वेगळा. नाहीतर तिघांचे भाव तीन वेगळ्या कामांचे येतात आणि तुलनात्मक तक्ता नुसता कागद ठरतो. पाकिटं उघडताना जीएसने बाहेर बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं.

जुन्या पिशवीतही एकदा बघा: एकाच दुकानाची जुलैची आणि जानेवारीची बिलं लागोपाठच्या क्रमांकाची असतील तर बिलबुक कुणाच्या तरी घरी आहे आणि बिलं दुकानात नाही, तिथेच लिहिली जातात असा संशय येतो. तुम्ही आरोप करू नका, यादी करून प्रभारी सरांकडे द्या.

कृष्णाकाठ_416

एक भर. 2019 च्या पुरासारखी वेळ आली की कॉलेजात मदतीचे डबे फिरतात. तो पैसा परिषदेच्या हिशेबात मिसळू नका. वेगळं पावतीपुस्तक, वेगळं शीर्ष. रस्त्यावर, बाजारात मागणार असाल तर आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी (सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 41क). आणि त्यातून स्वयंसेवकांचा वडापावही नाही, तो राखीवमधून.

खजिनदार_यंदाची

नाट्यगृहाचं डिपॉझिट 10,000 भरायचंय, ते खर्चात धरू का?

कीर्द_खतावणी

नाही, ते येणं आहे. ‘डिपॉझिट’ असं वेगळं खातं उघडा आणि मूळ पावती ऑफिसात ठेवा, कारण परत मागताना तीच लागते. वीज, सफाई असं काही कापून आलं तर तेवढंच खर्चात टाकायचं. कार्यक्रमानंतर आठवड्याभरात मागा. 31 मार्चनंतर तुम्ही परीक्षेत असता आणि नव्या खजिनदाराला ते पैसे आहेत हेच माहीत नसतं.